झोपून घे आत्ताच

नववा महिना लागला की घरी येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य घेऊन येतं. "आत्ताच काय ती झोप काढून घे बाई, नंतर मिळायची नाही." शेजारच्या काकू, आत्या, सोनोग्राफीच्या रांगेत बाजूला बसलेली अनोळखी बाई, एवढंच काय, ज्यांचा या विषयाशी जन्मात संबंध आला नसेल असे आमचे सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा! जणू झोप म्हणजे उन्हाळ्यातले सांडगे-पापड. आत्ता वाळवून डब्यात भरले की वर्षभर तळून खायचे. पण वाळत घालायला आधी झोप यायला तर पाहिजे.

सुरुवातीच्या महिन्यांत ती यायची. नको तिथे यायची. मीटिंगमध्ये कुणी तिमाहीचे आकडे वाचायला लागलं की माझी मान खाली. ही सगळी प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनची कृपा, असं डॉक्टर म्हणाल्या. आणि आता तेच प्रोजेस्टेरॉन जठराच्या तोंडाची झडप सैल करून बसलंय. खालून बाळ जठर वर ढकलतंय. त्यामुळे रात्री आठला खाल्लेली आमटी अकराला पुन्हा घशाशी येऊन हजेरी लावते. कोकम सरबत, थंड दूध, उशाकडची बाजू उंच, सगळं करून झालं. आमटी हटत नाही.

त्यात झोपायचं कसं यालाही नियम. 28 आठवडे झाले की उताणं झोपायचं नाही. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर मणक्याच्या उजव्या अंगाने जाते, उताणं झोपलं की गर्भाशयाचा सगळा भार तिच्यावर पडतो. म्हणून कुशीवर, जमलं तर डाव्या. झोपेत पाठीवर वळलीस तर घाबरायचं नाही, जाग आली की पुन्हा कुशीवर हो, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण रात्री अडीच वाजता माणसाला वाक्याचा पहिला भागच आठवतो.

मग उशांची बांधकामं सुरू झाली. एक गुडघ्यांमध्ये, एक पोटाखाली, पाठीशी लोड. लोड बाबांचा. ते हल्ली टॉवेलची घडी डोक्याखाली घेऊन झोपतात आणि सकाळी मान तिरकी ठेवून पेपर वाचतात. ऑनलाइन ती इंग्रजी यू आकाराची लांबलचक उशी मिळते म्हणे. तिची किंमत ऐकून आईने आजीची जुनी इरकली नऊवारी काढली, घट्ट गुंडाळी केली आणि दोन्ही टोकांना सुतळी बांधली. काठ विटलेला, पण कापड असं मऊ की विकतच्या उशीने लाजावं. तिला कापराचा वास येतो, आणि जळजळ असताना तो वास नाकाला बरा वाटतो. का, ते मला विचारू नका.

ही सगळी तटबंदी उभी राहिली की बाथरूमला लागते. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं, मूत्रपिंडं आधीच एरवीपेक्षा जास्त काम करत असतात, आणि बाळाचं डोकं मूत्राशयावर टेकलेलं. हे शास्त्र कळल्याने खेप काही चुकत नाही. उशा हटवा, उठा, या, उशा लावा. अंग टाकावं तर पोटरीत गोळा.

एका रात्री बाथरूमच्या दाराशी आजी भेटली. ती बाहेर, मी आत जायच्या बेतात.

"झोप लागंना व्हय गं?"

"नाही. तुला?"

"मला काय, तीनला डोळे उघडत्यात."

आम्ही तक्रारी जुळवून पाहिल्या. जळजळ, तिला आहे. पोटरीत गोळे, आहेत. रात्रीच्या खेपा, विचारूच नका. माझ्या गोळ्यांच्या डबीत लोह आणि कॅल्शियम, तिच्या डबीत कॅल्शियम आणि रक्तदाबाची. ऐंशी वर्षांची बाई आणि नववा महिना लागलेली बाई यांचं शरीर एकाच कारखान्यातून दुरुस्त होऊन आल्यासारखं वागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून ती माझ्या खोलीत येऊन बसते. कूस बदलायची असेल तर उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगावर व्हायचं, हा तिचा हुकूम. "सरळ लोळलीस तर बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळंल." नाळ गळ्याभोवती साधारण दर चारपाच बाळांमागे एकाच्या येतेच, ती बाळाच्या स्वतःच्या उलथापालथीमुळे, आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. हे मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण उठून बस." मी उठून बसते. खरं सांगायचं तर एवढं पोट घेऊन एका दमात लोळण्यापेक्षा, हाताचा टेका देऊन उठणं कमरेलाही सोपं जातं.

आजीचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की ती मला झोप म्हणत नाही. झोप न येणाऱ्याला झोपायला सांगण्यात अर्थ नसतो हे तिला पाठ आहे. ती नुसती विचारते, "हाललं का?" आणि नेमकं त्या वेळी हललेलं असतं. दिवसभर मी चालते तेव्हा हे महाशय, किंवा बाईसाहेब, गप्प. अंथरुणाला पाठ टेकली की कवायत. मध्येच उचक्या. एका तालात पोट टुक टुक उडतं आणि आजी चष्मा लावून बघते.

जागरण म्हटलं की भूक आलीच. राजगिऱ्याचे लाडू हाताशी असतात. मी एक, आजी एक. कधी आजी दोन.

डबा एवढा लवकर कसा संपतो हे आईला कळेना. तिने उंदरांवर संशय घेतला. काल बाबांनी पिंजरा आणून ओट्याखाली लावला आणि आमिषाला लाडवाचा तुकडा ठेवला. रात्री आजी तो वाकून बघून आली.

"तुकड्यानं काय होतंय," म्हणाली, "अख्खा ठेवायचा."