हॉल भरला की सूर बदलतो

बुधवार, पहाटे, वाइल आम राइन

बस थांबली म्हणूनच जाग आली. दौऱ्यावरच्या स्लीपर बसमध्ये असंच होतं, चालू असेपर्यंत झोप लागते आणि इंजिन बंद झालं की डोळे टक्क उघडतात. पाय ड्रायव्हरच्या दिशेला करून झोपायचं हा इथला पहिला नियम. करकचून ब्रेक लागला तर डोकं फळीवर आपटू नये म्हणून. दुसरा नियम संडासाचा. बसमधल्या संडासात फक्त लघवी, बाकीच्यासाठी पुढचा पेट्रोल पंप येईपर्यंत कळ काढायची. नवीन आलेला वादक हे ऐकून हसतो. दोन दिवसांनी तोच दुसऱ्यांना दम देत असतो.

आत्ता आम्ही स्विस सीमेवर, जर्मनीच्या बाजूला उभे आहोत. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे आमचे पासपोर्ट फारसं कुणी बघत नाही. पण युरोपीय महासंघाच्या जकात-व्यवस्थेत तो देश नाही. म्हणजे माणसं सरळ पलीकडे, आणि ड्रम, अँप, माझं व्हायोलिन यांना मात्र कागद हवा. तो कागद म्हणजे एटीए कार्ने. प्रत्येक नगाचं नाव, सिरियल नंबर, वजन, किंमत, सगळं त्यात लिहिलेलं. त्याची मुदत जास्तीत जास्त वर्षभराची. सामान आत गेल्याचा शिक्का आहे आणि बाहेर पडल्याचा नाही, असं झालं तर ते तुम्ही तिथेच विकलं असं धरून जकात मागतात. म्हणून आमचा टूर मॅनेजर जाडजूड फाइल पोटाशी धरून खिडकी उघडायची वाट बघतोय.

माणसांचा हिशोब वेगळा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्यापुढे शेंगेनमध्ये राहायचं नाही. मी हे गणित मोबाइलवर मांडून ठेवते. आमचा साउंड इंजिनिअर ब्रिटिश आहे. २०२१ पासून त्यालाही बोटं मोजत बसावं लागतं. त्याचं दुःख मला कळतं, थोडं हसूही येतं.

ड्रायव्हरने मात्र संधी साधून उशी काढली आहे. साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबायचं, असा युरोपचा कायदा, आणि सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी किती चालली याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर उमटतं. वादकाच्या झोपेवर असं कुणी लक्ष ठेवत नाही.

बुधवार, दुपार, बासेल

व्हायोलिनची केस उघडली तर आतला हायग्रोमीटर हवेतला दमटपणा २४ टक्के दाखवत होता. थंडीत बस काय, हॉटेल काय, हीटर रात्रभर चालू. बाहेरची गार हवा मुळात कोरडी, ती तापवली की आणखी कोरडी. लाकूड आक्रसलं आणि ‘ए’च्या तारेची खुंटी सुटून तार लोळत पडलेली. तारा उचलून धरणारी घोडी अजून उभी आहे हे नशीब. ती पडली तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोटातली लाकडी दांडीही पडू शकते, आणि ती परत बसवणं हे माझं काम नव्हे. खुंटीला पेस्ट चोळली, किंचित आत दाबत पिळली, तार हळूहळू वर आणली. दहा मिनिटांनी पुन्हा उतरली. पुन्हा चढवली. केसमधली दमट ठेवायची नळी भिजवून परत घातली. हॉटेलात असते तर बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून केस दाराबाहेर ठेवली असती.

गज मात्र कार्बन फायबरचा आहे, त्याला हवेचं फारसं काही नाही. चांगला गज पर्नाम्बुको लाकडाचा असतो. ते झाड २००७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या यादीत आहे, आणि जुन्या गजांच्या टोकाला कधीकधी हस्तिदंतही असतं. सीमेवर कुणाला तरी समजावत बसण्यापेक्षा तो घरी राहिलेला बरा. आवाजात फरक पडतो. माइकमधून फारसा कळत नाही, मला कळतो.

आज पियानोवरून तासभर गेला. हॉलच्या पियानोचा ‘ए’ ४४२ हर्ट्झवर लावलेला, इकडे तीच पद्धत आहे. आमचे रेकॉर्ड केलेले ट्रॅक ४४०वर. अर्धस्वराच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक, पण लांब स्वर धरला की दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं. एका संध्याकाळीपुरता पियानो उतरवला तर तो धड टिकत नाही, ट्यूनरचं तोंडच सांगत होतं. शेवटी आपला कीबोर्ड लावला आणि तो देखणा पियानो कडेला ढकलून ठेवला.

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, रिकामा हॉल ऐकणं मला मनापासून आवडतं आणि त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. रिकाम्या हॉलमध्ये गज उचलल्यावरही सूर रेंगाळतो, आपण फार छान वाजवतोय असं वाटतं. मग माणसं येतात आणि तो सगळा गोडवा पिऊन टाकतात. वॉलेस सबीन नावाच्या प्राध्यापकाने १८९०च्या दशकात हार्वर्डमध्ये रात्री-रात्री खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणून हेच मोजलं होतं: किती गाद्या ठेवल्या की आवाज किती लवकर विरतो. त्या कामाच्या जोरावर १९०० साली बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. थंडीत तर माणसागणिक एक जाड कोटही आत येतो. म्हणून इथे कोट बाहेर ठेवायची सक्ती असली की मी खूश असते.

बुधवार, रात्री उशिरा

स्विस कायद्याप्रमाणे कार्यक्रमाचा आवाज तासाच्या सरासरीने १०० डेसिबलच्या वर जाऊ देता येत नाही, आणि ९३च्या वर गेला तर प्रेक्षकांना इअरप्लग फुकट द्यावे लागतात. इंजिनिअर सगळा वेळ मीटरकडे बघत होता. त्यामुळे आज ड्रम आवरते होते आणि कधी नव्हे तो व्हायोलिनला श्वास घ्यायला जागा मिळाली.

संथ रचनेत शेवटचा स्वर मी नेहमी चार मात्रा धरते. आज हॉल गच्च, आवाज बाहेर पडताच संपत होता. दुसऱ्या मात्रेलाच जाणवलं की हा आता लोंबकळणार. तीनवर सोडला. गायिकेने माझ्याकडे पाहिलं, पण तिनेही पुढची ओळ लगेच उचलली. रोज तेच कार्यक्रमपत्र वाजवून कंटाळा येत नाही का, असं लोक विचारतात. बसचा येतो, सॅंडविचचा येतो, एकाच काळ्या ड्रेसचा तर वीट येतो. रचनेचा येत नाही, कारण ती काल जिथे वाजवली ती खोली आज नसते.

बासेल शहर म्हणाल तर ट्रकची उतरण, मालाची लिफ्ट आणि ड्रेसिंग रूममधला बल्बांचा आरसा. ऱ्हाइन नदी पुलावरून जाताना दिसली असावी. मी झोपले होते.

गुरुवार, सुट्टी

सुट्टीच्या दिवशी शरीर सूड घेतं. कार्यक्रम असताना ताप येत नाही, घसा बसत नाही. आज मात्र निम्मा चमू शिंकतोय. मी मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतले आणि टॉवेलमध्ये पिळून हीटरवर टाकले. खोलीची हवा तेवढीच दमट झाली, व्हायोलिनचंही भलं.

दुपारी घोडीवर रबरी म्यूट चढवून सावकाश सप्तकं वाजवली. टूरवर हात बिघडतो तो याच्याच अभावी. रोज नव्वद मिनिटं जोरात वाजवून बोटं धीट होतात, पण बेसूरही होतात, आणि टाळ्यांत ते कळत नाही.

जेवताना वाद झाला. झ्युरिकला संथ रचना काढून टाकावी, असं गायिकेचं म्हणणं, कारण तिथे उभे प्रेक्षक आहेत आणि बार हॉलमध्येच आहे. मी म्हटलं, हॉल ऐकून ठरवू. टूर मॅनेजरने काटा खाली ठेवला. कुठल्या रचनेला कुठला लाइट, हे क्यू आधीच बांधलेत, ऐनवेळी क्रम बदलायचा नाही, दुपारी चारच्या आत काय ते सांगा. साउंडचेक साडेचारला आहे.