हेलिकॉप्टर उडालंच नाही: नंतर जाणाऱ्यांसाठी थोडं

सीटबेल्ट लागले, दारं बंद झाली, डोक्यावरचे पंखे पूर्ण वेगात आले आणि पायलटसमोर पिवळा दिवा लागला. "हे आज उडणार नाही. पंखे थांबेपर्यंत कुणी बेल्ट सोडू नका," हेडफोनमधून आवाज आला. टर्बाइन थंड होण्यासाठी इंजिन बंद करण्याआधी थोडा वेळ मंद चालवतात. तेवढा वेळही काहींना धीर नव्हता. एक गृहस्थ दाराच्या कडीला हात लावून बसले होते. हे अजिबात करू नका. वेग उतरताना वरची पाती खाली झुकतात आणि शेपटीचा पंखा फिरताना दिसतही नाही. उतरायला सांगितलं की पुढच्या बाजूने, पायलटच्या नजरेसमोरून निघा. जमीन उताराची असेल तर उताराकडे, चढाकडे कधीच नाही.

दिवा होता 'चिप लाइट'. इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत पोचवणाऱ्या गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकीय प्लग असतो. धातूचे कण चिकटून त्याचं सर्किट जुळलं की दिवा पेटतो. मेकॅनिकने प्लग काढून फडक्यावर पुसला. नुसती बारीक काळी पूड निघाली तर ती बहुधा नेहमीची झीज. मग प्लग साफ करायचा, यंत्र जमिनीवरच चालवून पाहायचं आणि पुन्हा तपासायचं. इथे मात्र चकाकणारी किरच निघाली.

"एवढ्याशा कणासाठी?" म्हणून हुज्जत सुरू झाली. पण इंजिनं दोन असली तरी मुख्य पंख्याचा गिअरबॉक्स एकच असतो. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात 'सुपर प्यूमा' जातीचं एक हेलिकॉप्टर गिअरबॉक्स तुटून कोसळलं, १६ जण गेले. आठवडाभर आधी त्याच्या गिअरबॉक्समध्येही धातूचा कण सापडला होता. पायलटशी भांडणाऱ्यांना हे ऐकवायला हवं होतं.

बदली हेलिकॉप्टर लहान निघालं. पुन्हा सगळ्यांचं वजन झालं आणि मोठ्या बॅगा मागे राहिल्या. त्यामुळे औषधं, कागदपत्रं, एक उबदार कपडा अंगाजवळच्या मऊ पिशवीत ठेवा. शक्यतो सकाळची फेरी घ्या: थंड हवेत यंत्राला उचल चांगली मिळते, आणि बिघाड झालाच तर हाताशी दिवस उरतो. परतीचं विमान त्याच दिवसाचं काढू नका. बुकिंग करताना तांत्रिक बिघाडासाठीचे परताव्याचे नियम खराब हवामानाच्या नियमांपासून वेगळे वाचा, आणि तळावर दुसरं हेलिकॉप्टर असतं का, हे पैसे भरण्याआधीच विचारा.