सहा पानांची काटकसर

जळगावात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका हे रोजचं. कादंबरी वर्षातून एखादी. गेल्या मे महिन्यात एक आली. लेखिका चाळीसगावच्या, बँकेतून निवृत्त. मुलगी जर्मनीत, वडील रावेरला, आणि अख्खी गोष्ट दोघांच्या ईमेलमधून. निवेदनाची एक ओळ नाही.

मजकूर १२ फर्मे आणि वर ६ पानं भरला. फर्मा म्हणजे एकत्र छापली जाणारी १६ पानं, म्हणजे ६ पानांपायी आणखी एक फर्मा, कागद वाया. प्रत्येक मेलच्या डोक्यावर 'प्रति, विषय, दिनांक, वेळ' होतं. म्हटलं, माणसं दोनच, कोण कोणाला लिहितंय ते कळतंच. सगळं उडवलं. बरोबर १२ फर्म्यांत बसली.

तिसऱ्या दिवशी आप्पा भर उन्हात प्रूफं घेऊन हजर. आप्पा अमळनेरचे, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. "काय भो, ही पोरगी बापावर चिडते काबरं? त्यानं तर लगेच उत्तर दिलंय."

मूळ फाइल उघडली. लगेच नव्हतं दिलं. तिचा मेल २ मार्चचा, त्यांचा २१ मार्चचा, पहाटे ३.४०चा. विषयाच्या जागी तिचाच प्रश्न, 'बाबा, तब्येत?', आणि आत निव्वळ केळीच्या भावाच्या गप्पा. मधले १९ दिवस बाप कुठे होता हे कादंबरीत कुठेच लिहिलेलं नाही. जे काही होतं ते त्या चार ओळींत, आणि मी नेमक्या त्याच कापल्या होत्या.

आप्पा कूलरसमोर बसले आणि सुरूच झाले. पत्रांची कादंबरी जुनी, रिचर्डसनची 'पामेला' १७४० ची. पण ग्लाटाउअर या ऑस्ट्रियन लेखकाची २००६ ची ईमेलमधली जर्मन कादंबरी सुरू होते ती पत्ता टाइप करताना झालेल्या चुकीवरून. "चुकलेलं पत्र पोस्टमन परत आणतो. मेल भलत्याच्या घरात बिनबोभाट शिरतो. हे पत्राला जमायचं नाही."

मग त्यांची लाल पेन्सिल निघाली. मुलगी नवऱ्याशी झालेलं भांडण तीन पानं लिहिते, तेही अवतरणचिन्हांसकट. "रडता रडता कोणी अवतरणं देतं का?" पुढे ती बापालाच सांगते की आपल्या घरामागे विहीर आहे. "त्याला माहीत नाही का? वाचकाला सांगायचंय, म्हणून बापाच्या डोक्यावर!" आणि रावेरचा बाप इतकं पुस्तकी मराठी लिहितो, हे तर त्यांना मुळीच पटलं नाही. मला मात्र त्याचं काही वाटलं नाही. बोलायला गावची बोली आणि लिहायला पुस्तकी, हे आमच्याकडे घरोघरी.

लेखिकेला फोन करून खरं सांगितलं. बाई आधी भडकल्या, आणि रास्तच होतं. आप्पांचे मुद्दे ऐकल्यावर मात्र गप्प झाल्या. संध्याकाळी त्यांनी भांडण अर्ध्या पानावर आणलं, विहीर काढली. वेळा परत आल्या. तरी दोन पानं जास्तच होती.

फॉन्ट अर्धा पॉइंट उतरवला. पुढच्या प्रुफाच्या वेळी आप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागवला.