उरलेल्या वह्या कुणाच्या?

आमच्या शाळेत मुलांनीच काढलेल्या छोट्या कंपन्यांचे दरवर्षी दोन मेळावे व्हायचे. एक विक्रीचा, दुसरा हिशेबाचा. विक्रीच्या मेळाव्यात पाय ठेवायला जागा नसायची, हिशेबाच्या मेळाव्यात मागच्या चार रांगा रिकाम्या. गंमत अशी की विक्रीचे सगळे मेळावे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी कुणाचा स्टॉल दाराशी होता, विचाराल तर सांगता येणार नाही. हिशेबाची प्रत्येक संध्याकाळ मात्र वेगवेगळी आठवते.

हा दुसरा मेळावा सुरुवातीला नव्हताच. पहिल्या वर्षी आम्ही नुसती विक्री केली आणि सगळ्यात जास्त नफा कमावणाऱ्या गटाला ढाल दिली. ती ढाल पटकावली चार मुलांनी. त्यांनी बाहेरून तयार माल घाऊक आणला आणि दीडपट भावानं विकला. शेजारच्या टेबलावर आठवडाभर खपून कापडी पिशव्या शिवलेल्या मुली रडकुंडीला आल्या. शिक्षकांच्या खोलीत मग जी जुंपली! चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, ही चक्क लबाडी आहे. मी म्हटलं, लबाडी कसली, हा व्यापार आहे. कुठला माल खपेल हे त्यांनी हेरलं, ते काय सोपं असतं? आजही मला त्या मुलांचं चुकलं असं वाटत नाही. चूक आमची होती. एकच पट्टी हातात घेऊन आम्ही सगळ्यांना मोजायला निघालो होतो.

मुलांच्या कंपन्यांची ही कल्पना तशी आमची नव्हे. अमेरिकेत १९१९ साली सुरू झालेल्या ज्युनिअर अचीव्हमेंट या संस्थेनं आणि ब्रिटनमध्ये १९६२ सालच्या यंग एंटरप्राइझनं ही वाट कधीच मळवून ठेवली होती. मुलांनी खरीखुरी छोटी कंपनी काढायची, शेअर विकून भांडवल जमवायचं, पदं वाटून घ्यायची, माल करायचा, विकायचा आणि शेवटी कंपनी गुंडाळून भागधारकांना हिशेबासकट पैसे परत करायचे. यातला शेवटचा भाग आम्ही पहिल्या वर्षी गाळला होता. परीक्षा तोंडावर आली होती, वेळ नव्हता! दुसऱ्या वर्षी ढाल कपाटात गेली आणि हिशेबाचा मेळावा सुरू झाला.

मी गणिताचा मास्तर, त्यामुळे हिशेबाच्या वह्या लिहायला शिकवणं माझ्याकडे आलं. जमा-नावे म्हटलं की मुलं जांभया द्यायची. मग मी त्यांना लुका पाचोलीची गोष्ट सांगायचो. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्हीकडे लिहायची द्विनोंदी पद्धत व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते, पण ती सविस्तर मांडून छापली या संन्याशानं, १४९४ साली, आणि तीही गणिताच्या ग्रंथात. हिशेब हा गणिताचाच चुलतभाऊ, असं म्हणून मी कॉलर ताठ करायचो. मुलं हसायची, पण नोंदी करायची.

एक रकाना मात्र आमचा स्वतःचा होता : ‘घरच्यांची खरेदी’. आई, मामा, आत्या यांनी घेतलेला माल वेगळा लिहायचा. कारण आत्या काहीही विकत घेते. परक्या माणसानं खिशात हात घातला तरच माल खपला म्हणायचं. या रकान्यानं पालक थोडे नाराज झाले, पण मुलांचे डोळे उघडले. एका कंपनीची निम्मी विक्री त्या रकान्यात निघाली तेव्हा तिचा विक्रीप्रमुख बराच वेळ कागदाकडे बघत बसला होता.

आता ती संध्याकाळ. नववीच्या एका गटानं पाठकोऱ्या कागदांच्या वह्या केल्या होत्या. दाभणानं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलेल्या. ६० शेअर विकले, १२० वह्या बांधल्या. खर्च भरून निघायला ८० खपायला हव्या होत्या. खपल्या ५२.

हिशेब वाचायला उभी राहिली ती एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. कागद थरथरत होता, आवाज नाही. भांडवल इतकं, खर्च इतका, विक्री इतकी. शेअरमागे जेमतेम दोन-तृतीयांश रक्कम परत मिळेल. मग ती कारणांकडे वळली. भोकं घडीच्या फार जवळ पाडल्यानं पहिल्या वह्यांची पानं सुटली. लोकांना खिशात मावणारी वही हवी होती, आमची मोठी झाली. आणि तिसरं, ‘आम्ही १२० वह्या बांधून झाल्यावर लोकांना विचारायला गेलो.’ हे वाक्य तिनं कागदावरून वाचलं नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तोट्याला टाळी वाजवावी की नाही, हे आम्हा शिक्षकांनाच ठरवता येईना. तेवढ्यात दाराशी उभे असलेले आमचे शिपाईकाका पुढे आले. त्यांचा त्या कंपनीत एक शेअर होता.

‘बाळ, त्या उरलेल्या वह्या कुणाच्या?’

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे. खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्याही लक्षात आला नव्हता. शिल्लक माल शून्य किमतीचा धरून मीच तो ताळेबंद तपासला होता, खाली लाल शाईत सहीसुद्धा ठोकली होती.

गटातले पाचही जण टेबलामागे डोकी जुळवून कुजबुजले. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी कुणाला कोपर मारलं. मग ती मुलगी म्हणाली, ‘तुमच्या, काका. म्हणजे सगळ्या भागधारकांच्या.’ ६८ वह्या, ६० शेअर. शेअरमागे एक वही द्यायची आणि उरलेल्या आठ ग्रंथालयाला, असा ठराव तिथंच झाला. ‘आधी सुटी पानं पुन्हा शिवून देऊ,’ असं त्यांच्यातला सगळ्यात धांदरट मुलगा म्हणाला आणि त्यानंच दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत दाभण मागून नेलं.

पुढे कधीतरी युरोपीय आयोगानं २०१६ साली मांडलेली उद्योजकतेच्या क्षमतांची यादी माझ्या वाचनात आली. एकूण १५ क्षमता. पैशाची समज ही त्यातली फक्त एक. अनिश्चितता आणि धोका पेलणं, इतरांना बरोबर घेणं, नैतिक विचार, अनुभवातून शिकणं या बाकीच्यांतल्या. यादी चांगली आहे, पण तक्ते वाचताना मला झोप येते. त्या दिवशी आली नाही. प्रत्येक ओळीपुढे मला टेबलामागची ती पाच डोकी दिसत होती.

त्यानंतर प्रत्येक हिशेबाच्या मेळाव्यात ‘उरलेला माल कुणाचा?’ हे पुकारायचा मान काकांचा झाला. मुलं त्याची तयारी करून यायची, तरी तो क्षण आला की एकमेकांना ढोसायची.

काकांनी आपली वही सभागृहाच्या किल्ल्यांसाठी ठेवली. कोण किल्ली नेतं, कधी परत करतं, सगळं त्यात. मी निवृत्त झालो त्या दिवशी शेवटची किल्ली द्यायला गेलो, तर त्यांनी ती वही पुढे केली आणि म्हणाले, ‘सर, सही. आणि या खेपेला बघून करा.’