‘शबक’ धातूचा माग: माझा अनुभव

सिरियाक भाषेचा (ही अरामीचीच एक बोली) मोठा कोश ग्रंथालयात मागायचा असेल, तर चिठ्ठीवर ‘खंड दुसरा’ असं ठळक लिहा आणि खाली रेघ ओढा. आधीच सांगून ठेवतो, कारण माझा सगळा वेळ तिथंच गेला.

मला एकाच क्रियापदाचा धातू हवा होता. मराठी बायबलात वधस्तंभावरचे येशूचे शब्द अरामीतच, म्हणजे त्याच्या बोलभाषेतच, ठेवलेले आहेत: ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ दर गुड फ्रायडेला ऐकत आलो. हे बायबलातल्या 22व्या स्तोत्राच्या सुरुवातीचे शब्द. पण हिब्रू स्तोत्रात ‘सबख्थनी’च्या जागी ‘अझब्तानी’ आहे, म्हणजे धातूच निराळा. मग अरामीतला हा कुठला? रूप सोडवायला त्रास झाला नाही. शेवटचा ‘नी’ म्हणजे ‘मला’, त्याआधीचा ‘त’ म्हणजे ‘तू’, आणि ग्रीक लिपीत ‘श’ नसल्यामुळे त्याचा ‘स’ झाला. उरली तीन व्यंजनं: श, ब आणि घशातून येणारा क.

रॉबर्ट पेन स्मिथ यांचा ‘थेसॉरस सिरियाकस’ दोन खंडांत आहे. पहिला 1879चा, दुसरा 1901चा. अर्थ लॅटिनमध्ये दिलेत, पण कुठला शब्द कुठल्या ग्रंथात कसा आलाय याचे उतारे त्यात भरपूर सापडतात. स्कॅन केलेली प्रत फुकट मिळते, मात्र माझ्याजवळच्या प्रतीत सिरियाक अक्षरांवरची टिंबं पुसट होती. सिरियाकमध्ये टिंब गेलं की अर्थ जातो. म्हणून छापील प्रत हवी होती.

‘श’ हे बावीस अक्षरांतलं एकविसावं अक्षर, म्हणजे दुसरा खंड. मी चिठ्ठीवर भाषा ‘अरामी’ लिहिली. काउंटरवरच्या माणसानं ‘अरबी’ वाचलं आणि अरबीचं कपाट उघडायला शिपाई पाठवला. तो हात हलवत परत आला. पुढच्या खेपेला पुस्तक आलं, पण पहिला खंड. दुसरा मागितला तर उत्तर, “एवढाच आहे.” सूचीत दोन्ही खंडांची नोंद दाखवली, तेव्हा “बाइंडिंगला गेलाय.” कधी येईल? “सांगता येत नाही.” त्यानंतर आणखी एक अट निघाली: तुम्ही विद्यार्थी नाही, तर दुर्मीळ ग्रंथासाठी विभागप्रमुखांचं शिफारसपत्र आणा. मी विचारलं, आपल्याकडे सिरियाकचा विभाग आहे कुठल्या कॉलेजात? यावर त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात ‘विभाग’ हा रकाना सक्तीचा होता.

अजून आठवलं की डोकं तापतं. सार्वजनिक पैशातून घेतलेलं पुस्तक, वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नाही, आणि जो उघडायला आलाय त्याच्याकडेच संशयानं बघायचं!

सुटका केली ती दाखल नोंदवही सांभाळणाऱ्या एका बाईंनी. त्यांनी जुनी वही काढली, बोट रकान्यावरून खाली नेत नेत नोंदीवर थांबवलं आणि म्हणाल्या, “बाइंडिंगला नाही हो, हा लॅटिनच्या कपाटात आहे.” मुखपृष्ठ लॅटिन, म्हणून कुणीतरी तिकडे लावलेला. पत्राचं विचारल्यावर म्हणाल्या, “पुस्तक इमारतीबाहेर जात नाहीये ना? मग बसा आणि वाचा.” तेव्हा अडलात तर काउंटरशी वाद घालत बसू नका, नोंदवही कोण सांभाळतं ते विचारा.

कोश उघडला आणि लॅटिनची भीती गेली, कारण ‘शबक’ समजायला मला आपलं ‘सोडणे’ पुरलं. शिमोन आणि अंद्रिया जाळी सोडून येशूमागे जातात, तिथं सिरियाकमध्ये हाच धातू. लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, तिथंही हाच. आपण नाही का कुणाला ‘आत सोडतो’? प्रभूच्या प्रार्थनेत ‘शबोक लन’, आणि मराठीत आपण ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणतो. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात घटस्फोटाच्या लेखाला ‘इग्गेरेत शवुकीन’ म्हटलंय. इग्गेरेत म्हणजे पत्र, म्हणजे झाली सोडचिठ्ठी. कुणी वारला की ‘जिवंतांसाठी आयुष्य सोडून गेला’ अशी ज्यूंची म्हण आहे, त्यातही हाच धातू. आपण प्राण सोडला म्हणतो. इंग्रजी कोश याचे क्रमांक घालून तुकडे करतात. मराठी माणसाला त्याची गरज नाही, याचा मला खरंच अभिमान वाटला.

सगळ्यात खोलवर गेला तो इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावरचा, पपायरसवर लिहिलेला अरामी लेख, इ.स.पू. 427चा. त्यात मशुल्लाम नावाचा मालक आपल्या दासीला लिहून देतो की माझ्या मरणानंतर मी तुला सोडलं, तुझ्या मुलीलाही सोडलं. क्रियापद ‘शबक’. तोच धातू वधस्तंभावर टाकून दिल्याच्या आकांतात आहे आणि इथं गुलामाच्या सुटकेत. केरळातल्या सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी एकमेकांची क्षमा मागतात. त्या उपासनेला ‘शुबकोनो’ म्हणतात, तेही याच धातूचं नाम.

मुळाबद्दल: अरबीत ‘सबक’ म्हणजे पुढे निघून जाणे. अरामी ‘श’ला अरबीत ‘स’ येतो (श्लामा, सलाम), म्हणून ही जोडी ध्वनीच्या नियमात बसते. पुढे गेलेला मागच्याला सोडतोच, त्यामुळे मला ती पटते.

लॅटिन नकोच असेल तर पेन स्मिथ यांच्या मुलीनं, जेसी पेन स्मिथ यांनी केलेला 1903चा संक्षिप्त इंग्रजी कोश घ्या. आणि सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजचा अरामी कोश इंटरनेटवर मोफत आहे. तिथल्या रोमन संकेतांत ‘श’साठी ‘एसएच’ नाही, डॉलरचं चिन्ह आहे. म्हणून डॉलर, बी, क्यू असं टाका.