मीटर साडेसतरा, दगड वीस

"मिस्त्री, गाडी ओढणाच नाय. डिझेल नुसता पिता."

ऐन आंबा सीझनमध्ये देवगडच्या एका बागायतदाराने आपली चार बाय चार पिकअप कणकवलीला आमच्या गॅरेजात आणून लावली. त्याची बाग कातळावर. वाटेत जांभ्याचे दगड वर आलेले, त्यांवर मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलचा खाली लोंबणारा लोखंडी गोळा, आपटायचं. म्हणून त्याने ३३ इंची टायर चढवले आणि ॲक्सल व पाट्यांमध्ये (स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये) ठोकळे घालून गाडी दोन इंच उचलली. तेव्हापासून ॲव्हरेज साडेबारावरून नऊवर आलं आणि पेट्या भरून फोंडाघाट चढताना क्लच जळाल्याचा वास येऊ लागला. पंप आणि इंजेक्टर खोला, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. खर्च ऐकून बिचारा धास्तावला होता.

मी बॉनेट उघडलंच नाही. मूळ टायर २३५/७५ आर १५, म्हणजे व्यास साधारण ७३४ मिलिमीटर. नवा ८३८. चाक एका फेरीत १४ टक्के जास्त अंतर तोडतं, पण या गाडीचा मीटर गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टच्या फेऱ्या मोजतो, चाक मोठं झालेलं त्याला कळत नाही. "दादानू, आधी मीटर तपासूया," म्हणत त्याला शेजारी बसवलं आणि ६६ नंबरच्या हायवेवर कुडाळच्या दिशेने निघालो. किलोमीटरचे दगड तो मोठ्याने मोजत होता. वीस किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर साडेसतरा. त्याने अंगठ्याने काच पुसून आकडा पुन्हा वाचला. म्हणजे त्याचं नऊचं ॲव्हरेज खरं तर १०.३ होतं. मीटरवर ६० दिसताना गाडी ६८च्या वर धावत होती, हे ऐकून तो गप्पच झाला.

तरी लिटरमागे दोन किलोमीटरची घट खरीच होती. टायर जड, रुंद, खडबडीत नक्षीचे. गाडी उचलल्यावर खालून वाराही जास्त अडतो. आणि मुख्य म्हणजे गिअरिंग. हौसिंगमध्ये शाफ्टकडून फिरणाऱ्या लहान चक्राला, पिनियनला १० दात, चाकं फिरवणाऱ्या मोठ्या चक्राला, क्राऊनला ४३, म्हणजे रेशो ४.३. हा आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त. या चाकांवर तो ३.७६ असल्यासारखा वागतो. सपाटीला पाचव्यात इंजिनाचे फेरे इतके पडत की ते गुरगुरायचं आणि हा चौथ्यातच चालवायचा. घाटात दुसरा गिअर पेलत नव्हता, मग अर्ध्या क्लचवर रेटणं आलंच. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट काचेसारखी गुळगुळीत आणि फ्लायव्हीलवर निळे डाग.

गाडी नुसती उचलल्याने गिअरिंग बदलत नाही, तिथे फरक पडतो तो टायरच्या व्यासाने. पण उचलल्यामुळे गिअरबॉक्सपासून ॲक्सलला जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यावर, क्रॉसवर ताण येतो, वळणावर गाडी जास्त झुकते. आणि ज्या हौसिंगसाठी हा सगळा खटाटोप केला, ते ठोकळ्यांनी तसूभरही वर जात नाही! वर जाते ती चॅसी. हौसिंगला मिळाले ते टायरमुळे, तेही व्यासातल्या वाढीच्या निम्मे, ५२ मिलिमीटर. हे त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर एवढे पैसे वाचले असते, याचं मला फार वाईट वाटलं. मला जास्त भीती उताराची होती. चाक मोठं झालं की त्याच ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, आणि वर आंब्याचं वजन.

तीच ओढ परत हवी तर क्राऊन-पिनियन ४.९चा लागेल, आणि चार बाय चार असल्याने पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना सारखाच. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेली मूळ रचना मालकाला परस्पर बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तिथेच बोट ठेवते.

जुने टायर त्याच्या खोपीत पडून होते. ते चढवले, ठोकळे काढले, नवी क्लच प्लेट घातली. पंप-इंजेक्टरला हात लावला नाही. पुढच्या खेपेला भरल्या गाडीने घाट दुसऱ्या गिअरात चढला, वास नाही. हौसिंग घासत होतं ते वाटेतल्या दोनच जागी. तिथले दगड त्याने गड्यांकडून पहारीने काढून घेतले.