एकांची रांग

परवा भर दुपारी कॉलेज रोडच्या सिग्नलला माझ्यापुढे एक पांढरी मोटार उभी होती आणि तिच्या पाटीवर एमएच १५ च्या पुढे ११११ असा दिमाखदार क्रमांक झळकत होता. असा क्रमांक घेण्यासाठी मालकाने वेगळे पैसे मोजले असणार. मला मात्र हिरवा दिवा लागेपर्यंत एवढेच दिसत राहिले की ही संख्या ११ गुणिले १०१ आहे, म्हणजे मूळ संख्या नव्हे. दिसेल ती संख्या फोडून पाहण्याची ही खोड सुटण्याचे माझे वय आता उलटून गेले आहे.

ती लागली पंचवटीतल्या आजोळी. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा जेवणे आटोपल्यावर आजोबांनी ओसरीच्या शहाबादी फरशीवर खडूने ओळीने सात एक लिहिले आणि ‘‘फोड बघू,’’ म्हणून ते आत गेले. दोन, तीन आणि पाच यांचा निकाल तोंडीच लागतो, पण पुढे सातापासून एकेका मूळ संख्येने भागत जाण्याखेरीज माझ्या हाती दुसरे साधन नव्हते. तिसऱ्या दिवशी, ५१ मूळ संख्या बाद झाल्यावर, २३९ ची पाळी आली. शेवटचा एक खाली उतरवल्यावर २१५१ झाले, आणि २३९ नवे नेमके २१५१! भागाकार ४६४९, बाकी शून्य. त्या शून्याभोवती मी काढलेले वर्तुळ कोणी पुसू नये म्हणून संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसून होतो.

याच एकांच्या रांगांचा नाद देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनाही होता, हे मला फार उशिरा कळले. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा डोंगर चढून उतरतो. अशा संख्यांना त्यांनी डेमलो हे नाव दिले, कारण ही कल्पना ज्या स्टेशनावर सुचली त्या डोंबिवलीचे ते जुने नाव. वर्ग असल्यामुळे ही संख्या मूळ असणे शक्यच नाही. परंतु नवापाशी न वळता दहापर्यंत चढून मग उतरले, तर मिळणारी १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस आकडी संख्या चक्क मूळ आहे! याचे कारण विचारू नये. मला तरी ते सांगता येणार नाही.

रांगेतील एकांची संख्याच संयुक्त असेल, तर रांग हमखास फुटते. नऊ एकांना १११ ने भाग जातो तो त्यामुळेच. ती मूळ असली तरी खात्री नसते, हे सात एकांनी मला शिकवले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, ४,१०,२४,३२० आकडी मूळ संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक हे दोनच आकडे वापरून, लिहिली तर तीही १३,६२,७९,८४१ एकांची सलग रांगच आहे. आपल्या दशमान पद्धतीत मात्र ११ नंतर थेट एकोणीस एकांची रांग मूळ निघते.

सात एक फुटल्यावर आजोबांनी मला फरशीवर एकोणीस एक लिहून दिले होते. ते भागून तपासायचे तर सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घ्याव्या लागतात. मी जेमतेम हजारापर्यंत पोचलो आणि शाळा सुरू झाली. ती रांग फुटणारच नाही, हे आजोबांना ठाऊक होते की नाही, ते विचारायचे राहून गेले. त्या सुट्टीत त्यांची दुपारची झोप मात्र एकदाही मोडली नाही.